सोलापुरात आयटी पार्क येणार, पण टेस्टरची नोकरी टिकणार का?

सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये केली. सध्या इथली अनेक मुलं आयटीतल्या कामासाठी पुणं गाठतात. त्यातली काही जण टेस्टिंगपासून सुरुवात करतात. पण सॉफ्टवेअरच्या चाचण्या आता मशीनच करू लागली, तर टेस्टर हवा कशाला?

टेस्टर नेमकं काय करतो?

जुन्या पद्धतीत सगळं सॉफ्टवेअर तयार झालं की ते टेस्टरकडे यायचं. २००१ मध्ये अमेरिकेत १७ जणांनी 'अजाइल' जाहीरनामा लिहिला. या पद्धतीत काम छोट्या टप्प्यांत होतं. बऱ्याच टीममध्ये हा टप्पा, म्हणजे 'स्प्रिंट', दोन आठवड्यांचा असतो. टेस्टर पहिल्या बैठकीपासून टीमसोबत बसतो आणि कोड लिहिण्याआधीच विचारतो, "पण असं झालं तर?"

या प्रश्नाने काय फरक पडतो?

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात महिलेसोबत पती किंवा वडिलांचं आधारही पडताळायचं होतं. पण दोघंही हयात नसतील तर? अशा महिला अडकल्या. अखेर नोव्हेंबरमध्ये सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय केली.

इथे कोड अचूक चालला असता, तरी अडचण राहिलीच असती. कारण त्रुटी अटीतच होती.

मग मशीन कुठे कमी पडते?

जुन्या सुविधा नीट चालतात का, हे दर स्प्रिंटला पुन्हा तपासायला मशीन उत्तम. पण जे आधी सुचलेलं असतं, तेवढंच ती तपासते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. अपडेट तपासणारी यंत्रणा होती, पण त्रुटी त्या यंत्रणेतही होती.

सोलापूरच्या मुलांनी काय करावं?

यादी बघून बटणं दाबण्याचं काम कमी होत जाणार. त्यामुळे ऑटोमेशन शिकावंच लागेल. पण त्यासोबत माणसं ओळखता यायला हवीत. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे शेजारी राहतात. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नंतर. एखादा फॉर्म यातल्या कुणाला अडवेल, हे इथल्या टेस्टरला सहज दिसू शकतं. त्याने ते पहिल्याच बैठकीत बोलून दाखवायला हवं.