बोजोले चालते, मग मोह का नाही?

ऑफिसच्या पार्टीत वाईनचा ग्लास गोल फिरवून वास घेणाऱ्या मंडळींनो, एक प्रश्न. तुमच्या त्या फ्रेंच बोजोलेची कुळकथा ठाऊक आहे का? ती होते गामे नावाच्या द्राक्षापासून. 1395 साली बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, हेच द्राक्ष हलकं ठरवून त्याच्या वेली उपटायचा हुकूम काढला. गामे तगलं ते दक्षिणेला, बोजोलेच्या टेकड्यांवर. 1937 साली त्या प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आता दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी तिथली नवी वाईन जगभर मिरवते!

आता आमच्या वरठीला या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला. या जिल्ह्यात मार्च-एप्रिलात बायामाणसं पहाटे मोहफुलं वेचतात. फूल विकलं तर वनोपज, त्याचीच दारू घरी गाळली तर गुन्हा. द्राक्षाला मात्र 2001 साली खास धोरण. 2022 च्या जानेवारीत तर वाईन सुपरमार्केटात विकायचा निर्णयही झाला. लोकांनी ओरड केली, ते वेगळं.

दारूने घरं बुडतात म्हणाल. बुडतात, खरंय. मग द्राक्षाच्या दारूने काय तरंगतात? उलट चोरून गाळलेल्या दारूत काय मिसळलंय, ते कोण तपासणार?

शेजारच्या मध्य प्रदेशाने 2021 साली मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता जाहीर केली. आपणही वेचणाऱ्यांच्या गटांना परवाना द्यावा, माल तपासावा. नाहीतर उद्या एखादी बडी कंपनी हीच दारू छान बाटलीत भरेल, वर वारली चित्राचं लेबल लावेल, आणि तुम्ही हजार रुपये मोजून म्हणाल, "वा, काय नोज आहे!"