तोंड उघडून बघा

आमच्या घरी आठवड्यातनं एकदा चुलीवर तंबाखू भाजली जायची. तव्यावर पानं काळी पडायला लागली की असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. आई आणि थोरली काकी मात्र पदर नाकाला लावून तिथंच बसायच्या. जळकी पानं चुरायच्या, वस्त्रगाळ करायच्या आणि पत्र्याच्या डबीत भरायच्या. ही मिशरी. उठल्याउठल्या बोटावर घेऊन दातांना लावायची आणि बराच वेळ तोंडात धरायची. ती लावल्याबिगर परसाकडंच होत नाही, असं काकी म्हणायची. भांगलायला गेल्यावर बांधावर पुन्हा एकदा. दाढ ठणकली तर त्याच दाढेवर चिमूटभर दाबायची.

शहरातली माणसं हे ऐकून म्हणतात, अडाणीपणा. या शब्दाचा मला राग येतो. काकीपुढं दुसरं काय होतं? लवंग होती, तुरटी होती, बाजारच्या दिवशी चिमटा घेऊन बसणारा दातवाला होता. पुढं तालुक्याला दातांचा दवाखाना निघाला. तिथं दाढ वाचवायची तर साडेतीन हजार, वर कॅपचे वेगळे. उपटायची तर चारशे. भांगलणीची हजेरी तीनशे. हा हिशेब शाळेत न गेलेल्या बाईलाही जमतो. आईच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा या हिशेबात गेल्या. पन्नाशीतच ती भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली. कणसं भाजली की आम्हाला द्यायची आणि म्हणायची, "मला नगं रं, पोट भरलंय."

आमचा पट्टा उसाचा. इथं ज्यांनी साखर कारखाने काढले, त्यातल्याच काही घराण्यांनी पुढं डेंटल कॉलेजं काढली. साखर त्यांची, दातांचे डॉक्टरही त्यांचेच! लाखांनी फी भरून बाहेर पडलेलं पोर आमच्या गावात खुर्ची टाकून कशाला बसेल? त्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो पोरांना डॉक्टर करून त्यांना बसायला जागा न करणाऱ्यांचा. सपाटीवरच्या 30 हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. आमच्या केंद्रात बाळंतपण होतं, कुत्रं चावल्यावर सुई मिळते, साखर-बीपीच्या गोळ्या मिळतात. दातांचं विचारलं की गोळी देतात आणि तालुक्याला जा म्हणतात. दात म्हणजे जणू शरीराबाहेरचा दागिना.

कायदे नाहीत असं नाही. पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला 1992 सालीच बंदी झाली. गुटखाबंदी राज्यात 2012 मध्ये आली. (टपरीवर पुडी कशी मिळते, ते मी सांगायला नको.) पण आमच्या तव्यापर्यंत यातला एकही कायदा पोचला नाही, आणि पोचायला त्याला कुणी पाठवलंही नाही. बायका दात घासायला मिशरी लावतात हे साऱ्या गावाला ठाऊक. पण बिडी-गुटख्याच्या फलकावर चित्र असतं ते कायम पुरुषाचंच. आणि ज्या ब्रश-पेस्टनं दात घासा म्हणून शाळेत सांगायचे, त्यावर 2025 च्या सप्टेंबरापर्यंत 18 टक्के जीएसटी होता! आता तो 5 झालाय. बरं केलं, पण उशिरा केलं.

काकीच्या गालात आतनं पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की झोंबायचं. त्या दोन वर्षांत ती आरोग्य केंद्रात किती वेळा गेली असेल! बीपीच्या गोळ्यांना दर महिन्याला, सुनेच्या बाळंतपणाला, नातवाच्या डोसाला. एकानंही म्हटलं नाही, "काकी, आ करा बघू." पुढं जखम झाली, जबडा उघडेना. मग मात्र सरकारी योजना धावली. शहरातलं ऑपरेशन फुकट झालं, अर्धा जबडा गेला. काकी त्यानंतर चौदा महिने जगली, नळीनं पेज घेत. ऑपरेशनला पैसा देणाऱ्या सरकारला मी नावं ठेवत नाही. पण त्या पैशात किती चट्टे वेळेवर दिसले असते, किती दाढा भरून झाल्या असत्या, हे मंत्रालयात कुणी मांडून बघितलंय का?

तिशीवरच्या प्रत्येकाचं तोंड कॅन्सरसाठी तपासायचं, असं धोरण आहे. कागदावर सगळं छान आहे. मला फार काही नको. प्रत्येक प्राथमिक केंद्रात दातांची एक खुर्ची, आठवड्यातनं निदान दोन दिवस डॉक्टर, दाढ भरणं फुकट, आणि मिशरी सोडवायला बायकांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस. रस्त्याच्या एका पुलाच्या खर्चात तालुका भागेल, असं माझं मत.

परवा आशाताई फॉर्म घेऊन घरी आली. तंबाखू खाता का? तोंडात चट्टे, जखम? आई "न्हाय" म्हणाली, कारण मिशरी म्हणजे तंबाखू खाणं असं तिला आजही वाटत नाही. ताईनं खूण केली. फॉर्ममागं मिळणाऱ्या चार पैशांत ती बिचारी पायानं किती गाव तुडवते, मला माहीत आहे. मी म्हटलं, "ताई, एकदा बघा की आत." आईनं चूळ भरली, उंबऱ्यात उजेडाला बसली, पदर बाजूला केला. ताईनं मोबाईलची बॅटरी लावली, बराच वेळ बघितलं आणि मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "दादा, डाव्या गालाला जरा पांढरं वाटतंय. आता कुठं पाठवायचं असतं वो?"