पिठाचा कोंबडा आणि टीव्हीवरची मारामारी



मुलांनी टीव्हीवर मारामारी पाहिली तर काय बिघडलं, असं पुष्कळ जणी विचारतात. "अगं, ते सगळं खोटं असतं. रक्त म्हणजे नुसता रंग!"

यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. जीव एकही गेला नाही. तरी मायलेकांना कितीतरी भव पशुयोनीत काढावे लागले, कारण मारण्याचा भाव खरा होता. पडद्यावरचं रक्त खोटं असेल, पण "मार, अजून मार" म्हणत सोफ्यावर उड्या मारणाऱ्या नातवाचा आनंद खरा असतो. कृत नाही, कारित नाही, पण अनुमोदना झालीच ना?

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक दुःश्रुती, म्हणजे मन कलुषित करणारं ऐकणं. आता त्यात पाहण्याचीही भर पडली आहे.

अमेरिकेत १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांनी साधारण तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवेच्या बाहुलीला बडवलं. ते पाहिलेल्या बऱ्याच मुलांनी नंतर बाहुलीला तसंच बडवलं. १९६३ साली तेच फिल्मवर दाखवलं, तरी मुलांनी नक्कल केलीच.

टीव्ही पाहणारं प्रत्येक मूल गुंड होत नाही, हे मान्य. पण दुसऱ्याचं दुखणं पाहून हसायची सवय लागली, तर ती काय लहान गोष्ट आहे?

मी कॉमर्सची, मला हिशोबच दिसतो. आपल्या शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांचं दर्शन आणि पाठशाळेचा तास जमेला. रोजचे दोन-तीन तास टीव्ही खर्चाला. शिल्लक काय राहणार? आणि कार्टूनलाच नावं का ठेवायची? सासू सुनेच्या दुधात विष कालवते, ती मालिका मूल आपल्याच मांडीवर बसून पाहतं.

टीव्ही फोडून टाका, असं मी म्हणत नाही. सूर्यास्ताआधीचं जेवण झालं की तासभर तरी तो बंद ठेवा, एखादी कथा सांगा. आणि मूल पाहणारच असेल, तर शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "बाळा, त्याला किती लागलं असेल रे?"