खबर आणि खातरजमा

अणदूर हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील गाव. याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या मुलखात शिरले आणि पहिल्याच दिवशी शेजारचे नळदुर्ग ताब्यात आले. त्यापूर्वी येथील रयतेने रझाकारांची दहशत सोसली होती. ती दहशत परक्या देशातून आलेली नव्हती. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा; त्याच्या टोळ्यांना राजसत्तेचाच आधार होता. अशा काळात सरहद्दीवरील स्टेट काँग्रेसच्या कॅम्पांना भाकरी आणि बातमी पोहोचविली ती खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांनी. कोणत्याही गुप्तचर खात्याने त्यांना नेमले नव्हते. लढा आपला आहे ही त्यांची खात्री होती.

परंतु त्याच सप्टेंबरची दुसरी बाजूही विसरता येत नाही. कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यात आला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घातले. रझाकार कोण आणि शेजारी कोण, याची खातरजमा सूडाच्या भरात झाली नाही. दहशतवादाविरुद्ध नागरिकांनी शासनाचे डोळे आणि कान व्हावे, असे सांगितले जाते तेव्हा या दोन्ही आठवणी जाग्या ठेवल्या पाहिजेत.

यंत्रणांची उणीव देशात नाही. कारगिलच्या युद्धानंतर, २००१ साली, निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र आणण्यासाठी ‘मल्टी एजन्सी सेंटर’ स्थापन झाले. तरीही २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला. इशारे आधी आले होते. कफ परेडच्या मच्छिमार वस्तीतील लोकांनी बोटीतून उतरणारे अनोळखी तरुण पाहिले, त्यांना हटकलेही. इशारा सरकारी कपाटात आणि डोळे कोळीवाड्यात. दोहोंना जोडणारा धागाच नव्हता. त्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था निर्माण झाली.

ते हल्लेखोर परदेशी होते. घरच्या दहशतीची कथाही याहून वेगळी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ साली, कॉ. गोविंद पानसरे व प्रा. कलबुर्गी २०१५ साली आणि गौरी लंकेश २०१७ साली गोळ्यांना बळी पडले. कर्नाटकच्या पथकाने लंकेश खुनाचा माग काढल्यावर दोन राज्यांतील धागे जुळू लागले. २०१८ च्या नालासोपारा शस्त्रसाठा प्रकरणात धरलेल्या एकाला मे २०२४ मध्ये दाभोलकरांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. सूत्रधार मात्र न्यायालयात सिद्ध झाला नाही.

दुसरीकडे मालेगाव पाहावे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत बळी गेले ते मुसलमान आणि आरोपी म्हणून धरलेही मुसलमानच. त्या नऊ जणांवरील आरोप न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये काढून टाकले. तोवर एकजण हयातही नव्हता. ज्या वस्तीवर असा अन्याय होतो, त्या वस्तीतून पुढची खबर पोलीस ठाण्यात यावी कशी? ज्याला ठाण्याचे भय वाटते, तो गुन्हेगार दिसला तरी तोंड उघडणार नाही.

म्हणून समन्वयाचा प्रश्न केवळ संगणक जोडण्याचा नाही. तो विश्वासाचा आणि उत्तरदायित्वाचा आहे. इंटेलिजन्स ब्युरोला आजही संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याचा पाया नाही. तो दिला पाहिजे आणि गुप्तचर खाती संसदीय समितीला जबाबदार केली पाहिजेत. खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, पण खबर मिळाल्याची नोंद व्हावी आणि तिचे काय झाले हेही त्याला कळावे. खबर कृत्याची असावी, शस्त्राची, स्फोटकांची, कटाची. जातीची किंवा धर्माची नव्हे. आणि पडताळणी करावी ती कायद्याने, जमावाने नव्हे.

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षाचा काही काळ येथे, काही काळ तेथे असते, आणि ही देवाणघेवाण दोन्ही गावे ठरल्या शब्दाप्रमाणे पाळतात. दोन गावांना जे साधते, ते दोन खात्यांना आणि दोन राज्यांना साधू नये, याचा जाब विचारला गेलाच पाहिजे. कार्यकर्त्यांनी तो ग्रामसभेत आणि शांतता समितीत विचारावा. आणि अफवा उठेल त्या दिवशी प्रथम शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहावे.