गोळ्याच तर वाटायच्या असतात!

मा. संचालक महोदय,


तुमचा मेमो मिळाला. रात्रीच्या औषधांच्या राउंडला मी रोज उशीर करते, असं त्यात लिहिलं आहे. पुरावा म्हणून माझ्याच हातचा चार्ट जोडला आहे. त्या चार्टवर प्रत्येक नावापुढे ‘रात्री ८’ असं आधीच छापलेलं असतं. सिस्टरने फक्त सही करायची. मी ती छापील वेळ खोडते आणि गोळी खरोखर पोटात गेली तेव्हाची वेळ लिहिते. ८.२५, ८.५०, ९.४०. खरं लिहिलं म्हणून मी कामचुकार ठरले.

मेमो एक वेळ सोसला असता. केबिनमध्ये तुम्ही जे बोललात ते मात्र विसरता येत नाही. ‘‘सिस्टर, एवढं काय त्यात? गोळ्याच तर वाटायच्या असतात!’’ त्यावर मी अर्ज केले, ते तुमच्या टेबलावरच राहिले. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. ते नातेवाइकांनीही वाचावं. ‘चोवीस तास नर्सिंग’ या शब्दांवर विश्वास ठेवून त्यांनी आईवडील आपल्या केअर होममध्ये ठेवले आहेत.

आधी साधा हिशेब. दोन मजले, ४२ आजी-आजोबा, रात्री एक सिस्टर आणि दोन मावशी. आठला मी ड्युटीवर येते, दिवसाच्या सिस्टरकडून ओव्हर घेते. तिला नालासोपाऱ्याला जायचं असतं, तिची घाई मला कळते. एका माणसामागे तीनच मिनिटं धरली, तरी ४२ जणांचे दोन तासांहून अधिक होतात. त्या तीन मिनिटांत डबी उघडायची, नाव आणि गोळी पडताळायची, उठवून बसवायचं, पाणी द्यायचं, गोळी गालात दाबून ठेवली नाही ना ते पाहायचं. हे सगळं आठ वाजता कसं संपतं, ते मला कोणीतरी शिकवावं.

आणि हीच भेटीची वेळ. आपलं शहर लोकलवर चालतं. चर्चगेटहून विरार लोकलने लटकत आलेला मुलगा मिरा रोडला उतरून आईला बघायला येतो, तो याच सुमाराला. तो मला थांबवून विचारतो, ‘‘सिस्टर, आज शुगर किती?’’ त्याला उत्तर द्यायलाच हवं. पण माझ्या हातात त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या गोळ्या असतात.

आता ‘वाटणं’ म्हणजे काय ते सांगते. पहिल्या मजल्यावरच्या बा चौविहार पाळतात. भाईंदरमध्ये राहून हे तुम्हाला सांगायला नको. सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. म्हणजे बांचं ‘रात्रीचं जेवण’ वर्षभरात तासाभराहून अधिक मागेपुढे सरकतं. त्यांचं मिक्स इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. ते आठला दिलं, तर पोटात नवीन अन्न नाही आणि मध्यरात्री साखर उतरली तर तोंडात काही घेण्याची त्यांची तयारी नाही. तुमच्या चार्टला सूर्यास्त माहीत नाही. नया नगरच्या चाचांच्या रमजानचंही तेच. ते रोजा धरतात तेव्हा त्यांची सगळी औषधं इफ्तार आणि सेहरीच्या मध्ये नव्याने बसवावी लागतात, तीही डॉक्टरांना विचारून. उत्तनच्या नानांना गोळी चालते, पण संध्याकाळची प्रार्थना संपल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. मी थांबते. ती पाच मिनिटं मेमोत ‘विलंब’ म्हणून मोजली गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या लिव्होडोपाची वेळ सातची, जेवणाच्या अर्धा तास आधीची. डाळ-दुधातल्या प्रथिनांबरोबर ती गोळी नीट लागू पडत नाही. तुम्ही सगळ्यांचं एकत्र आठला केलंत. त्यामुळे साडेसातला ताट समोर येतं तेव्हा काकांचा हात लाकडासारखा झालेला असतो, मावशी भरवते आणि ठसका लागतो. ब्रिटनमधल्या पार्किन्सन्सच्या संस्थेने २००६पासून या एकाच मागणीसाठी मोहीम चालवली आहे: रुग्णाला त्याची गोळी त्याच्या वेळेवर मिळाली पाहिजे.

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते झोपेच्या गोळीबद्दल. तीही आठलाच. झोल्पिडेम अंथरुणावर पडण्याच्या वेळी घ्यायची गोळी आहे. ती आठला दिली की साडेआठला मजला शांत होतो, आणि पाहणीला येणाऱ्यांना ‘किती शिस्त आहे’ असं वाटतं. पण म्हाताऱ्या माणसाची झोप सहा-सात तासांची. आजी अडीच-तीनला जाग्या होतात. डोकं जड, पाय लटपटते, आणि लघवी लागलेली. कारण लघवी वाढवणारी, दिवसातून दोनदा लिहिलेली लॅसिक्स, जिचा दुसरा डोस दुपारी चारच्या आत जायला हवा, तीसुद्धा आपण आठच्या ट्रेमध्ये टाकलेली असते. मग आजी अंधारात एकट्या उठतात. पडल्या नाहीत, तर सकाळी रिपोर्टमध्ये येतं: ‘रात्री झोपत नाहीत.’ डोस वाढतो. वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची बिअर्स यादी १९९१मध्ये पहिल्यांदा तयार झाली, ती शुश्रूषागृहांतल्या वृद्धांसाठीच. झोपेच्या गोळ्या आणि त्यामुळे होणारं पडणं हा तिच्यातला जुनाच विषय आहे. चार्टवरचं ‘झोपताना’ हे त्या माणसाच्या झोपण्याबद्दल असतं. आपल्याकडे ते ड्युटी बदलण्याबद्दल झालं आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याच इमारतीत आहे, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत प्रत्येक औषध ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर गेलंच पाहिजे, असा दंडक होता. वेळ गाठायला आम्हाला आडवाटा शोधाव्या लागतात, असं हजारो परिचारिकांनी तिथे सांगितलं. २०११मध्ये तो नियम बदलला. ज्या औषधांना वेळेचं बंधन खरंच आहे ती वेगळी काढा, बाकीच्यांना जास्त सवड द्या, असं ठरलं. तिथे परिचारिकांचं ऐकून नियम बदलला. इथे मी मेमो घेऊन बसले आहे.

शिवाय आठच्या ट्रेमधली निम्मी गर्दी तिथे असायलाच नको. कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन दिवसभरात कधीही चालते. ब्लडप्रेशरची गोळी रात्रीच घेतली तर जास्त फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर तपासलं गेलं. २०२२मध्ये निकाल आला: सकाळ आणि संध्याकाळ यांत हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या दृष्टीने फरक नाही. म्हणजे डॉक्टरांना विचारून कित्येकांच्या गोळ्या सकाळी नेता येतील. हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे डॉक्टर वेगवेगळे. प्रत्येकाने आपापल्या कागदावर ‘रात्री जेवणानंतर’ लिहिलेलं असतं. ते सगळे कागद एकत्र समोर ठेवायला मी विनवण्या केल्या. तो माझा विषय नाही, असं उत्तर मिळालं.

कायद्याचं म्हणाल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९मध्ये वृद्धाश्रमांतल्या वैद्यकीय सेवांचे निकष राज्य सरकारला ठरवता येतात, अशी तरतूद आहे. खासगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठी २०१९मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, ते संमत झालं नाही. त्यामुळे रात्री किती सिस्टर असाव्यात, हे आज तुमच्या मनावर आहे. तेवढ्यासाठी तरी मनात आम्हाला जागा असावी.

माझं मागणं फार नाही. संध्याकाळचा राउंड तीन वेळांत विभागा: जेवणाआधी, जेवणानंतर आणि ज्याच्या त्याच्या झोपेच्या वेळी. वेळ पाळलीच पाहिजे अशी औषधं लाल शाईने वेगळी लिहा. संध्याकाळी सहा ते दहा आणखी एक सिस्टर द्या. राउंड चालू असताना नातेवाइकांशी बोलायला ऑफिसमधलं कुणी खाली बसवा. आणि चार्टवर छापलेलं ‘रात्री ८’ काढून टाका. तिथे कोरी जागा ठेवा.

देवळात प्रसाद वाटतात तशा गोळ्या वाटता येत नाहीत. प्रसाद कुणालाही, कितीही, कधीही चालतो. इथे बांची गोळी काकांना गेली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ‘फक्त वाटायचं तर होतं’ असं म्हणणार नाही. तेव्हा मी ‘जबाबदार परिचारिका’ असेन आणि नर्सिंग कौन्सिलकडचा माझा नोंदणी क्रमांक तुम्हाला लगेच सापडेल. जबाबदारी इतकी मोठी असेल, तर कामही तितकंच मोठं आहे हे आधी मान्य करा.

मेमोचं लेखी उत्तर मागितलं आहे, ते असं: चार्टवर मी लिहिलेल्या वेळा खऱ्या आहेत आणि मी त्या बदलणार नाही. सगळ्या सह्या आठच्याच हव्या असतील, तर आठ वाजता माझ्या शेजारी पुरेसे हात उभे करा.

आपली,
रात्रपाळीची एक परिचारिका
मिरा रोड