पट्टेवाला डास आणि पाण्याची पाळी

पावसाळा लागला की आपल्या शहरात दोन मागण्या जोर धरतात. नळाला पाणी वेळेवर सोडा ही एक आणि गल्लीत धूर फवारणी करा ही दुसरी. दोन्ही मागण्यांचं मूळ एकच आहे, पण ते कळायला आपल्याला चावणारा डास कोणता, हे आधी ओळखावं लागतं. किडा दिसला की औषधाचा डबा उचलायचा, ही सवय घराघरात रुजली आहे. माझं म्हणणं एवढंच, की ओळख पटण्याआधी केलेली फवारणी बहुतेक वेळा वाया जाते.

याचा फार मोठा दाखला आपल्या जुन्या संस्थानातच सापडतो. आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होतं त्या काळात, त्याच राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर हिवतापाचा माग काढत होता. १८९५ पासून तो रुग्णांचं रक्त प्यायलेले डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता आणि हाती काही लागत नव्हतं, कारण ते राखी आणि पट्टेदार जातींचे डास होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या निराळ्याच डासाच्या जठरात त्याला हिवतापाचा जंतू दिसला. चिकाटी तीच आणि सूक्ष्मदर्शकही तोच, फरक फक्त डासाच्या जातीचा होता. या कामाला १९०२ मध्ये नोबेल मिळालं.

आज आपल्या घरात मुख्यतः तीन प्रकारचे डास असतात. रात्री कानाशी गुणगुणणारा, मातकट रंगाचा क्युलेक्स गटारात आणि सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढतो. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस भिंतीवर बसताना पोटाचा भाग वर उचलून तिरका बसतो. शहरातली त्याची जात गच्चीवरच्या उघड्या टाक्यांमध्येही वाढते. तिसरा एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, चावण्याची वेळ दिवसाची, विशेषतः सकाळची आणि सूर्यास्ताच्या आधीची. डेंग्यू आणि चिकुनगुनिया हाच पसरवतो. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: ड्रम, रांजण, सिमेंटचा हौद, कुंडीखालची थाळी, कूलरची टाकी. तो फार लांब उडत नाही. आपल्याला चावलेला पट्टेवाला डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो, आणि विसावतो तोही घरातच, पडद्यामागे नाहीतर खुंटीवरच्या कपड्यांत. रस्त्यावरचा धूर तिथवर फारसा पोहोचत नाही. पोहोचला तरी उडते डास मरतात, अंडी आणि अळ्या तशाच राहतात.

आता पाण्याच्या पाळीकडे बघा. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय इतका जवळ असूनही गेली कित्येक वर्षं शहराच्या अनेक वसाहतींत पाणी बऱ्याच दिवसांच्या खंडानं येतं, म्हणून घरोघरी साठा आलाच. एडिसला आपल्या उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. दोन पाळ्यांमधलं अंतर जितकं या मुदतीजवळ जातं, तितकी आपली पाणी साठवण्याची पद्धत डासाच्या एका पिढीला पुरेल एवढी सवड देते. शिवाय त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. जूनमध्ये कोपऱ्यात सरकवलेल्या कूलरचंही तसंच.

यावर पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसानं किडे ओळखत बसायचं कशाला, सगळ्यांना मारणारं एक औषध आणलं की झालं. पण असं औषध नसतंच. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे पाहा. चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी, पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असेल तर मुंग्या. वाळवीचं वारूळ जमिनीत असतं, दिव्याखाली फवारून ते मरत नाही. हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडून चटईसारखी उचलली जात असेल, तर खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी मुळं कुरतडत असते. वरून पानांवर मारलेलं औषध तिला लागत नाही. स्वयंपाकघरातलं लहान, मानेवर दोन काळ्या रेघांचं झुरळ फ्रिजमागच्या फटीत राहतं आणि मोठं तांबूस झुरळ मोरीतून येतं. पहिल्याला जेलचे ठिपके लावावे लागतात, दुसऱ्याला मोरीची जाळी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पाणी साठवणं ही लोकांची हौस नाही, आणि टाकी धुवायची म्हणजे मिळालेलं पाणी फेकायचं. मग दोष नागरिकाला का? दोष मुळीच द्यायचा नाही. नियमित नळ हाच डेंग्यूवरचा खरा उपाय आहे, आणि पाणीपुरवठा हा आरोग्याचा प्रश्न म्हणूनच मोजला गेला पाहिजे. दोन पाळ्यांमधलं अंतर सात दिवसांच्या आत ठेवणं, हे महापालिकेनं डास निर्मूलनाचं पहिलं उद्दिष्ट मानावं. तोवर आठवड्यातून एकदा साठ्याची भांडी रिकामी करण्याचा ‘कोरडा दिवस’ सगळ्या शहरासाठी एकच न ठरवता, ज्या वसाहतीत ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशीच पाळायला सांगावं. त्या सकाळी टाक्या तशाही तळाला गेलेल्या असतात. उरलेलं बादलीभर पाणी झाडांच्या मुळाशी ओतलं तर वाया जात नाही आणि मातीत अळ्याही मरतात. भांडं घासून नळाखाली ठेवायचं, भरलं की तोंडाला कापड घट्ट बांधायचं. जो हौद रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून अबेट हे अळीनाशक टाकून घ्यावं. साथ भडकली असेल तेव्हा फवारणीही हवीच, पण ती रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांत, पडद्यामागच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी असावी.