भिवंडी का पेटली नाही?

दंगल आटोक्यात आणताना पोलिसांनी किती गोळ्या झाडल्या, किती जणांना अटक केली, याचा हिशेब शासन तत्परतेने मांडते. दंगल होऊच नये म्हणून त्यांनी आधीची दोन-चार वर्षे काय केले, हा प्रश्न विधिमंडळात क्वचितच विचारला जातो. भिवंडीचा अनुभव याकरिता पुन्हा तपासण्याजोगा आहे.

यंत्रमागांच्या या गावात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीचे निमित्त होऊन भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. तरीही १९८४ साली भिवंडी पुन्हा जळाली आणि ती आग मुंबई-ठाण्यापर्यंत पोचली. मात्र डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना तिच्या उंबरठ्यावरची भिवंडी शांत राहिली. मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात. बंदुकीच्या बळावर शांतता राखण्याची ही किंमत!

भिवंडीत वेगळे काय घडले होते? १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. नेहमीच्या ‘शांतता समिती’त मिरवणारे पुढारी दूर ठेवून दोन्ही समाजांतील सामान्य माणसे त्यांत घेतली. नळाची भांडणे, गटारे, भाडेकरूंचे तंटे असे विषय तेथे निघत. वरवर पाहता हे पोलिसांचे कामच नव्हे. परंतु अशा बैठकांतूनच शिपाई आणि वस्ती यांची ओळख होते, आणि अफवा उठली की ती खरी की खोटी हे कुणाला विचारावे, हे दोघांनाही ठाऊक असते. शिवाय संचारबंदीत बुडालेल्या पाळीची मजुरी मागावरच्या कामगाराला कुणी भरून देत नाही. शांततेत त्याचा स्वार्थ पुढाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. हे भांडवल हाताशी असूनही पोलीस खाते ते सहसा वापरत नाही.

दुर्दैवाने हा प्रयोग अधिकाऱ्याच्या वृत्तीवर उभा होता, खात्याच्या नियमांवर नव्हे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरूनच दंगल उसळली. गोळीबारात दोघे दगावले, जमावाने दोन पोलिसांना ठार केले. ज्या खात्याने वस्तीशी बोलायचे, तेच वादातील एक पक्ष होऊन बसले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात ठाणे अंमलदारापासून पोलीस महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाल देण्याचा आदेश दिला. राज्यांनी, आणि त्यांत सर्वच रंगांची सरकारे आली, त्यातून पळवाटा शोधल्या. कारण बदलीचा अधिकार हेच पोलिसांना वाकवण्याचे हुकमी साधन आहे. वस्तीतील चार माणसे ओळखीची होण्यापूर्वीच ज्याची उचलबांगडी होते, त्या अंमलदाराने दंगल टाळावी कशी? गृहखात्याच्या अंदाजपत्रकात वाहने आणि हत्यारे यांच्यासाठी मागण्या येतात. बीटवरील शिपायाला त्याच वस्तीत टिकवून ठेवण्याची मागणी तेथे कुणी तरी मांडली पाहिजे.